हिरव्या पडद्यावरची चिलटे

सुज्ञ वाचकहो! पुढील पानांत मी आपणांपुढे जी हकिकत सादर करीत आहे, ती एका जुन्या यंत्राची, एका न गाळलेल्या चहाची आणि एका प्रतिनिधीची आहे. मूळ वस्तू हाती लागत नाही तेव्हा तिच्या जागी जी दुसरी उभी केली जाते, तिला प्रतिनिधी म्हणतात. प्रतिनिधीने मूळ वस्तूसारखे किती व्हावे, आणि केव्हा थांबावे, हा या कथेचा विषय होय. कुणाची झोप उडवावी असा माझा हेतू नाही. तथापि वाचता वाचता दिवेलागणीच्या सुमारास कुणास मागे वळून पाहावेसे वाटले, तर त्याचा दोष लेखणीकडे नसून घटनेकडे आहे, एवढे प्रारंभीच नम्रपणे नमूद करतो.

जबलपुरात मदन महलच्या टेकडीखाली काळे धोंडे एकमेकांवर असे टेकलेले आहेत की, आता पडतील, असे पाहुण्यास नेहमी वाटते आणि रहिवाशास कधीच वाटत नाही. त्या धोंड्यांच्या सावलीत सरवटे यांचे घर आहे. भय्यासाहेब सरवटे हे संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात नकाशे काढण्याच्या विभागात होते. कारखान्याने जुने संगणक लिलावात काढले तेव्हा, ज्यावर त्यांनी स्वतः उमेदीची वर्षे घालवली होती, तोच संगणक त्यांनी बोली लावून घरी आणला. लोखंडी पेटी, तिच्या कुशीला मोठा लाल खटका, आणि वर जाड काचेचा मॉनिटर, ज्यावर अक्षरे केवळ हिरव्या रंगात उमटत.

पुढे काळ बदलला. घरात लॅपटॉप आले, मोबाइल आले. मुलगा अच्युत डिप्लोमा करून इस्पितळांतील यंत्रे दुरुस्त करू लागला, त्याचे लग्न झाले, सून सुखदा घरात रुळली. परंतु भय्यासाहेबांचा नेम चुकला नाही. दुपार कलली की ते त्या हिरव्या पडद्यापुढे जाऊन बसत. विचार करताना अंगठ्याने स्पेसबार दाबत राहण्याची त्यांना खोड होती. टप... टप, टप... आणि मग बराच वेळ काही नाही. पडद्यावरचा कर्सर बिचारा रिकाम्या हाताने पुढे पुढे सरकत जाई.

"बाबा, काय लिहून राहिले एवढं?" सुखदाने एकदा विचारले होते.

"काही नाही बेटा. ह्याला चालवतो. बसून राहिला तर गंजून जाईल," भय्यासाहेब म्हणाले, "आणि मी पण."

कार्तिकातल्या एका दुपारी भय्यासाहेब त्याच खुर्चीत, हनुवटी छातीवर टेकून, शांतपणे निघून गेले. पडदा समोर हिरवा तेवत होता. आरडाओरडा झाला, शेजारपाजार धावला, खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय वायरीत अडकू नये म्हणून अच्युतने भिंतीतला प्लग ओढून काढला. पडदा विझला. त्या गर्दीत ही गोष्ट कुणाच्या ध्यानात राहावी? खुद्द अच्युतच्याही राहिली नाही.

दहाव्या दिवशी ग्वारीघाटावर नर्मदेच्या काठी पिंड मांडला. कावळे होते. होड्यांच्या रांगेवर ओळीने बसले होते, माना वाकड्या करून पाहत होते, पण एकही खाली उतरेना. अच्युत हात जोडून बोलत राहिला. "आईला सांभाळीन. घर विकणार नाही. तुमच्या यंत्राला भंगारात देणार नाही." कावळ्यांनी ऐकून घेतले आणि ते जागचे हलले नाहीत. ऊन डोक्यावर आले. शेवटी गुरुजींनी दर्भाच्या काड्या घेतल्या, त्या वळल्या, दुमडल्या, गाठ मारली आणि हिरवट चोचीचा एक कावळा अच्युतच्या हाती दिला.

"गुरुजी, हे चालतं?"

"चालतं. खरा आला नाही तर प्रतिनिधी. पण प्रतिनिधीनं खऱ्यासारखंच करावं लागतं, भैया. चोच लावायची तर चोचीसारखी लावा. झाडू मारल्यासारखी काहून मारून राहिले?"

अच्युतने नीट चोच लावली. कार्य उरकल्यावर तो ती वस्तू तशीच पाण्यात सोडणार, तोच गुरुजी ओरडले, "आधी गाठ सोडा! काम झालं की गाठ सोडायची. नाहीतर तो थांबून राहतो."

"कोण थांबून राहतो?"

पण गुरुजी तोवर पुढच्या यजमानाकडे वळले होते.

घरी आल्यावर सरोजिनीबाईंनी, म्हणजे अच्युतच्या आईने, दारातच विचारले, "शिवला?"

"शिवला, आई."

बाईंनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले. "कोणता?" एवढेच त्या म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न पाहता आत गेल्या.

त्या दिवसापासून घरात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. संध्याकाळ होताच सरोजिनीबाई आले किसून चहाचे आधण ठेवीत. चहा उकळे, लाल होई, मग काळा होई. त्या गाळणी हातात घेऊन ओट्यापाशी उभ्या राहत. गाळीत मात्र नसत. अंधार पडला की ते भांडे मोरीत उपडे करीत. स्वतः चहा घेणे त्यांनी सोडले, पाठोपाठ रात्रीचे जेवणही सुटले. सुखदा पुढे झाली तर म्हणत, "थांब. त्यांची हाक आली की गाळते." महिन्याभरात त्यांचे ब्लाउज खांद्यावरून उतरू लागले. डॉक्टरांनी तपासले, रोग सापडला नाही. अच्युत हा इतरांची यंत्रे दुरुस्त करणारा मनुष्य. आपल्या डोळ्यांदेखत आपली आई विझत चालली आहे आणि आपल्यापाशी त्याकरिता कोणतेही अवजार नाही, या जाणिवेने तो आतून पोखरला गेला. बाप गेला तो गेला. आता आईही जाणार, हे त्याला स्पष्ट दिसत होते.

एके दिवशी बाई म्हणाल्या, "अच्युत, त्यांचं काहीतरी त्या खोलीत राहून गेलं आहे. मला ऐकू येतं. तू यंत्र लावून पाह्य."

अच्युतने प्लग लावला, लाल खटका वर केला. हिरवी अक्षरे क्षणमात्र उमटली, आणि फट् असा आवाज होऊन पेटीतून धूर निघाला. आत उघडून पाहतो तो डिस्प्ले कार्ड, म्हणजे यंत्राच्या मनातले पडद्यावर आणणारी पाटी, जळून काळी पडलेली. बाकी सारे शाबूत होते. यंत्र जिवंत होते, फक्त आंधळे झाले होते.

आंधळे झाले तसे ते ओरडू लागले. भिंतीवरचे बटण अच्युत बंद करी, कुणीतरी ते पुन्हा चालू करी. आमच्या भागात वीज जाते-येते. वीज परत आली की लाल खटका वरच असल्यामुळे यंत्र आपोआप जागे होई आणि एक लांब, दोन आखूड असा टाहो फोडी. कावळ्यासारखा. भर दुपारी घर सामसूम असताना तो आवाज आला की सुखदाच्या हातातली परात खाली पडे.

"बटण कोण चालू करून राहिलं?" अच्युतने चिडून विचारले.

"मी," सरोजिनीबाई शांतपणे म्हणाल्या. "ते बोलावून राहिले, अन् तू त्यांचं तोंड बंद करतो?"

"आई, ते बोलावणं नाही. त्या आवाजाचा अर्थ ठरलेला आहे. मला माझं कार्ड सापडत नाही, मला दाखवता येत नाही, असं यंत्र सांगतं."

"तेच तर मी म्हणते," बाई म्हणाल्या.

तसे कार्ड आता कुठे मिळणार? पनागरला कुणाकडे त्याच बनावटीचे यंत्र आहे असे कळले, म्हणून अच्युत स्कूटर घेऊन तेथवर गेला. मटारच्या पोत्यांमागे पेटी सापडली खरी, पण मालकाने तिच्यात बियाणे भरून ठेवले होते आणि आतल्या खाचा रिकाम्या होत्या. "कार्ड? वो तो कब का गया, भैया," तो म्हणाला, आणि मूठभर मटार अच्युतच्या खिशात कोंबून त्याने त्याची बोळवण केली. परतीच्या वाटेवर अच्युतच्या मनात गुरुजींचे वाक्य घोळू लागले. खरा आला नाही तर प्रतिनिधी.

वाचकहो, येथे थोडे शास्त्र सांगणे अवश्य आहे. असे जुने यंत्र आपल्या स्मृतीतील एका ठरावीक पत्त्यावर अक्षरे टाकीत जाते आणि समजते की तेथे कार्ड बसलेले आहे. कार्ड ती अक्षरे झेलते आणि पडद्यावर मांडते. मधूनमधून यंत्र विचारते, आहेस का? कार्डाने म्हणायचे, आहे. एवढाच त्यांचा संसार. म्हणजे त्या पत्त्यावर दुसरा कुणी बसला, त्याने न चुकता झेलले आणि विचारताक्षणी 'आहे' म्हटले, तर यंत्रास भेद कळण्याचे कारण नाही. आजकाल बोटाच्या पेराएवढी मायक्रोकंट्रोलर नावाची चिप मिळते. ती त्या जुन्या पाटीहून पुष्कळ चपळ असते आणि शिकवाल ते सोंग घेते.

अच्युतने तिला सोंग शिकवण्यास आरंभ केला. सराफ्यातल्या एका ओळखीच्या सोनाराकडून त्याने डोळ्याला लावायचे भिंग मागून आणले आणि केसासारख्या तारा जोडल्या. मग लॅपटॉपवर आज्ञा लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. यंत्राने कधी विचारले की काय उत्तर द्यायचे, किती वेळात द्यायचे, हे तो चिपला पढवीत बसला. पुष्कळ दिवस यंत्र फसले नाही. एक लांब, दोन आखूड.

"डुप्लिकेट बनवून राहिले तर," सुखदा चेष्टेने म्हणाली.

"दर्भाचा कावळा म्हण."

सुखदाचे हसू ओठांवरच थांबले.

आणि एका सकाळी यंत्र ओरडले नाही. एकच बारीक शीळ घातल्यासारखा आवाज झाला आणि जाड काचेवर हिरवी अक्षरे उभी राहिली. स्वच्छ, रेखीव, जशीच्या तशी. अच्युतने हर्षाने आईस हाक मारली. सरोजिनीबाई उंबऱ्यापर्यंत आल्या. आत आल्या नाहीत.

"हे ते नव्हे."

"आई, अक्षर न् अक्षर तेच आहे!"

"चिलटं कुठं आहेत?"

आई खरे बोलत होती. त्या जुन्या कार्डात एक जन्मजात दोष होता. यंत्र अक्षर टाकीत असताना त्याच क्षणी कार्ड ते वाचू गेले की दोघांची टक्कर होई, आणि पडद्यावर पांढरट हिरवे ठिपके क्षणभर भिरभिरून जात. भय्यासाहेब त्यांना चिलटे म्हणत. नवी चिप इतकी चपळ की टक्कर होतच नव्हती. प्रतिनिधी मुळाहून गुणी निघाला होता, आणि तेच त्याचे वैगुण्य ठरले.

गुण शिकवणे एक वेळ सोपे, दोष शिकवणे महाकठीण! चिलटे कुठेही उडवून चालणार नव्हते. ती तेव्हाच उठली पाहिजेत जेव्हा खऱ्या कार्डात उठली असती. त्याकरिता अच्युतने चिपला मुद्दाम अडखळायला शिकवले.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर त्याने यंत्र लावले. अक्षरे आली आणि त्यांच्यावरून चिलटांचा एक थवा भिरभिरत गेला. दारातून आईचा आवाज आला.

"आता बसले."

"कोण?" अच्युतने वळून पाहिले. बाई स्वयंपाकघराकडे चालल्या होत्या.

अच्युतने हात मांडीवर ठेवले होते. कीबोर्ड त्याच्यापासून लांब होता. पडद्यावरचा कर्सर एक घर पुढे सरकला.

मग थांबला. मग पुन्हा सरकला, लागोपाठ. मग बराच वेळ काही नाही.

अच्युतने प्रथम कीबोर्डची वायर ओढून काढली. कर्सर पुढे सरकला. त्याने लाल खटका खाली पाडला. पेटीतला पंखा घरघरत थांबला. यंत्र आता मेलेले होते. मॉनिटरचा प्लग निराळा होता आणि चिपला लॅपटॉपमधून वीजपुरवठा होता, त्यामुळे पडद्यावरचे चित्र टिकून राहणे शक्य होते. हे त्यास ठाऊक होते. पण कर्सर स्वतःहून हलवावा अशी एकही आज्ञा त्याने चिपला दिलेली नव्हती, हेदेखील त्यास ठाऊक होते. आणि कर्सर चालला होता. चालण्याची ती लय दुसऱ्या कुणाची असणे शक्य नव्हते. ओळ संपली. कर्सर खालच्या ओळीच्या आरंभी आला आणि वाट पाहू लागला. त्याने लॅपटॉपची वायर उपटली तेव्हा कुठे पडदा काळा झाला.

आतून आल्याचा वास येत होता. तो भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघरात गेला. आई गाळणी हातात घेऊन उभी होती.

"आई, बाबांची हाक म्हणजे काय? ते तुला काय म्हणून बोलवायचे?"

कित्येक दिवसांत प्रथमच सरोजिनीबाईंच्या चेहऱ्यावर हसू आले. "हाक कुठली? जन्मात कधी नावानं बोलावलं नाही त्यांनी मला. अरे, उठताना ते यंत्राला निजवायचे ना, तेव्हा टक् असा आवाज यायचा. तो आला की मी चहा गाळायची. मी कपात ओतते तोवर हे हात धुऊन हजर." त्यांनी भांड्यात पाहिले. "त्या दिवशी टक् आला नाही. मी थांबले. चहा काळा झाला तेव्हा पाहायला गेले."

लहानपणी शिकवलेली गोष्ट त्यास आता आठवली. त्या जुन्या यंत्राच्या पोटात एक तबकडी फिरते आणि तिच्यावर बारीकशी सुई अधांतरी तरंगते. बंद करण्यापूर्वी एक शब्द लिहून सुईला बाजूला नेऊन ठेवावे लागते, नाहीतर ती तबकडीवर कोसळते. सुई बाजूला गेली की टक् वाजते. "सुई उभी ठेवून उठायचं नाही," असे बाबा बजावीत. आणि त्या दिवशी गर्दीत प्लग कुणी ओढला होता? बाबांचे उठणेच व्हायचे राहिले होते. ते कुणाला बोलावीत नव्हते, काही मागत नव्हते. नेमाचा मनुष्य नेम पुरा झाल्याशिवाय खुर्ची कशी सोडील? ते तेथेच बसून होते, आणि त्यांच्या टक्‌साठी आई येथे उभी होती.

तो धावत खोलीत गेला. वायरी जोडल्या, लाल खटका वर केला. बारीक शीळ झाली. चिलटे भिरभिरली. तो खुर्चीवर बसला आणि कीबोर्डकडे हात नेला, तोच मागून आईचा आवाज आला. बाई या खेपेस उंबरा ओलांडून आत आल्या होत्या.

"ऊठ. ती जागा तुझी नाही."

"आई, कुणीतरी टाइप तर करायला पाहिजे ना!"

"काहून?" बाई म्हणाल्या.

अच्युत उठला. खुर्ची रिकामी झाली. बाहेर टेकडीवरचे ऊन उतरत होते. मायलेक भिंतीला पाठ लावून उभे राहिले, सुखदा दाराच्या चौकटीला धरून. कीबोर्डची वायर पुन्हा लावायची राहून गेली होती. ती टेबलाच्या कडेवरून लोंबत होती, हे अच्युतला तेव्हा दिसले.

कर्सर एक घर सरकला. थांबला. मग कुणी आठवून आठवून लिहावे तशी निजवण्याच्या शब्दाची हिरवी अक्षरे एकापाठोपाठ एक उमटली. शेवटच्या अक्षरावर चिलटांचा थवा उठला आणि विरला. पेटीच्या पोटात काहीतरी सुरसुरत एका कडेस गेले.

टक्.

अच्युतने वळून पाहिले तो आई शेजारी नव्हती. स्वयंपाकघरातून गाळणीतून चहा पडण्याचा आवाज येत होता. बाई दोन कप घेऊन आल्या. एक त्यांनी यंत्रापाशी ठेवला. दुसरा घेऊन त्या स्टुलावर बसल्या, फुंकर घातली, घोट घेतला. "जास्त उकळला आज," असे त्या म्हणाल्या. ते अच्युतला उद्देशून नव्हते. कप संपवून त्यांनी सुखदाला विचारले, "पोळ्या झाल्या का गं? भूक लागली मला."

यंत्रापाशी ठेवलेल्या कपात चहा किती उरला होता, हे पाहण्याचे धाडस अच्युतने केले नाही. तो कप सुखदाने उचलून विसळला. तिने त्याविषयी आजतागायत कुणास काही सांगितलेले नाही.

दुसऱ्या दिवशी अच्युतने पेटी उघडली आणि आपण घडविलेले ते कार्ड तळहातावर घेतले. ते आणखी एकदा लावावे, चिलटे उठू द्यावीत, कर्सर त्या ओळखीच्या चालीने सरकताना पुन्हा एकदा पाहावा, ही इच्छा त्याच्या मनात दाटून आली होती. ज्याचा बाप गेला आहे त्याला ही इच्छा समजावून सांगण्याची गरज नाही.

"ठेवा ना," सुखदा हळूच म्हणाली. "आठवण म्हणून."

अच्युतने नकारार्थी मान हलवली. त्याने सोल्डरिंगची लेखणी तापवली, डोळ्याला सोनाराचे भिंग लावले आणि ज्या क्रमाने तारा जोडल्या होत्या त्याच्या उलट क्रमाने एकेक तार सोडवीत गेला. मग लॅपटॉपला जोडून चिपच्या पोटातली सारी शिकवण पुसून टाकली, चिलटांसकट. शेवटची तार सुटली तेव्हा कुंपणावर एक कावळा येऊन बसलेला त्याला दिसला. तो ओरडला नाही. सकाळी बाईंनी भिंतीवर ठेवलेल्या भातातले चार घास त्याने खाल्ले आणि तो टेकडीकडे उडून गेला.

संध्याकाळी वीज गेली आणि परत आली. घर कान देऊन थांबले. खोलीतून काहीही ऐकू आले नाही. अच्युत पाहावयास गेला, तर भिंतीवरचे बटण बंद होते. ते आईने स्वतःच्या हाताने बंद केले होते, आणि यंत्रावर भय्यासाहेबांचे धुतलेले उपरणे नीट पसरून ठेवले होते.

वाचकहो, ही हकिकत जशी ऐकली तशी मांडली. माझे शिक्षण बेताचे. शास्त्रात कोठे चूक झाली असल्यास जाणत्यांनी पदरात घ्यावी. आपण आपला बहुमोल वेळ खर्चून ती अखेरपर्यंत वाचलीत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
चंद्रशेखर बापूराव देवघरे
मदन महल, जबलपूर